पाण्यावरील हिरवी साय व तिचें विष

कोंकणांत पाऊस उदंड पडतो. महाड-पोलादपूरकडे तर वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. तरी शिमगा सरल्यापासून मृग लागेपर्यंत कापडे व आसपासच्या गांवांत गुरांना पाणी कोठें पाजावें, ही विवंचना दरसाल असतेच. ओढ्यांची धार तुटते, नदीच्या पात्रांत ठिकठिकाणीं डोह तेवढे उरतात, आणि गांवतळीं, पाझर तलाव व शेततळीं यांतील पाणी खालीं जाऊन तापूं लागतें. अशा निश्चळ, उबदार पाण्यावर कित्येकदां एक हिरवी साय धरते. ती काठीनें बाजूस सारावी व गुरें पाजावीं, असा सर्वत्र परिपाठ आहे. पुष्कळदां त्यानें कांहीं बिघडतहि नाहीं. परंतु या सायीच्या कांहीं जाती अशा आहेत कीं, त्यांच्या अंगचें विष धडधाकट बैलास एका दिवसाच्या आंत आडवें करूं शकतें. ज्याची सारी शेती एका जोडीवर उभी आहे, त्यानें हें विष काय आहे, तें शरीरांत कोठें जातें व तेथें काय करितें, हें समजून घेणें अगत्याचें आहे. तें समजलें म्हणजे कोणते उपाय खरे व कोणते व्यर्थ, हें आपोआप ध्यानांत येतें.

महसूल खात्यांतील नोकरींत गुरें दगावल्याचे पंचनामे प्रस्तुत लेखकानें पुष्कळ वाचले. मृत्यूच्या कारणाच्या जागीं ‘पान लागलें’, ‘विषारी पाला खाल्ला’ किंवा ‘कारण अज्ञात’ असें लिहिलेलें असे. त्यांतील अमुक जनावर शेवाळानेंच मेलें असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. परंतु जनावर शेवटचें कोठें पाणी प्यालें व त्या पाण्याचा रंग कसा होता, हा प्रश्न त्या कागदांत क्वचितच विचारलेला दिसे. तो विचारला जावा, एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

साय म्हणजे काय?

या सायीस निळें-हिरवें शेवाळ म्हणण्याची रीत आहे. परंतु तें खऱ्या शेवाळाच्या कुळांतलें नव्हे. तो एक जातीचा सूक्ष्म जंतु आहे. दह्याच्या विरजणांत किंवा शेतांतील मातींत जे जंतु असतात, त्यांच्या गोत्रांतला तो आहे. भेद इतकाच कीं, झाडापानांप्रमाणें तो उन्हाच्या योगें आपलें अन्न आपणच तयार करितो. त्याच्या शरीरांत वायूनें भरलेल्या अति बारीक पोकळ्या असतात, त्यामुळें तो पाण्यावर तरंगूं शकतो. पाणी पंचवीस अंशांच्या वर तापलें, वारा पडला आणि नत्र व स्फुरद हीं खतें पाण्यांत मुबलक असलीं, म्हणजे त्याची वाढ झपाट्यानें होते व थोड्याच दिवसांत सारा पृष्ठभाग व्यापला जातो. या जंतूंपैकीं सर्वांत अधिक आढळणाऱ्या व विषाबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या जातीस मायक्रोसिस्टिस असें नांव आहे. नुसत्या डोळ्यांस ती पाण्यांत हिरवा रवा कालविल्यासारखी दिसते.

नत्र व स्फुरद पाण्यांत येतात कोठून? मोठ्या शहरांपाशीं ते सांडपाण्यांतून येतात. भीमेवरील उजनी धरण सन १९८० मध्यें पुरें झालें. पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांचें सांडपाणी नद्यांच्या वाटेनें त्या जलाशयांत उतरतें, आणि उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तें हिरवें पडल्याच्या तक्रारी वारंवार होतात. कोल्हापूरच्या रंकाळ्यासहि सांडपाण्यापायीं हीच अवकळा आली होती. आपल्या खोऱ्यांत एवढीं मोठीं शहरें नाहींत; पण तळ्याच्या कांठचा उकिरडा, गोठ्यांतून वाहून येणारें मूत, धुण्याचा साबण आणि वरच्या खाचरांतून वाहून येणारा युरिया व सुफला हीं लहानशा तळ्यास तेवढींच पुरेशीं होतात. सन २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेखालीं राज्यांत पुष्कळ शेततळीं झालीं. त्यांत मासे पाळणारे पाणी हिरवें व्हावें म्हणून मुद्दाम शेण टाकतात. तें प्रमाणांत असेल तर माशांस खाद्य मिळतें; प्रमाण सुटलें तर विषारी सायीस आमंत्रण मिळतें.

विष पाण्यांत नसतें, जंतूच्या पोटांत असतें

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. मायक्रोसिस्टिस जिवंत असतांना त्याचें विष बहुतेक त्याच्या पेशीच्या आंतच कोंडलेलें असतें. पेशी फुटली म्हणजेच तें बाहेर येतें. ती जनावराच्या पोटांत फुटेल, साय कुजल्यामुळें तळ्यांत फुटेल, किंवा आपण औषध टाकून फोडूं. वाऱ्यानें साय एका कांठाशीं लोटली जाते, आणि तेथें विषाचें प्रमाण तळ्याच्या मध्यापेक्षां शेंकडों, कधीं हजारों पट असूं शकतें. गुरें पाणी पितात तीं कांठावरच. म्हणून एकाच तळ्यावर एका बाजूस पाणी प्यालेलें जनावर मरतें व दुसऱ्या बाजूचें सुखरूप राहतें, असा प्रकार घडतो.

या विषास मायक्रोसिस्टिन म्हणतात. ज्या घटकांपासून प्रथिनें बनतात, त्या जातीचे सात घटक एकमेकांस जोडून त्याचें वर्तुळ झालेलें असतें. त्याचे दोनशेंहून अधिक पोटभेद आतांपर्यंत आढळले आहेत. साखळी उघडी असेल तर पोटांतील पाचक रस ती टोकापासून तोडीत जातात; पण कड्यास टोंकच नसतें. त्यामुळें हें विष पचनांत मोडत नाहीं आणि पाणी उकळल्यानेंहि नष्ट होत नाहीं.

यकृताच्या पेशींत काय घडतें?

पोटांत गेलेलें विष आंतड्यांतून रक्तांत शिरतें व आंतड्यांचें रक्त प्रथम यकृताकडे जातें. शरीरांतील बहुतेक पेशींत हें विष शिरूं शकत नाहीं. त्यांचें बाह्य आवरण त्यास वाट देत नाहीं. परंतु यकृताच्या पेशींस पित्तांतील द्रव्यें आंत ओढून घेण्यासाठीं विशिष्ट दारें असतात, आणि मायक्रोसिस्टिन नेमकें त्याच दारांनीं आंत घुसतें. घरच्या माणसासाठीं ठेवलेल्या दारानें चोर शिरावा, तसा हा प्रकार आहे. हें विष इतर अवयवांस थोडकें व यकृतास फार बाधतें, त्याचें कारण हेंच.

आंत शिरल्यावर तें काय करितें, हें समजण्यास पेशीचा कारभार थोडा पाहिला पाहिजे. पेशींतील पुष्कळ कामें प्रथिनांवर स्फुरदाचा एक लहान कण चिकटविल्यानें चालू होतात किंवा थांबतात, व तो काढून घेतल्यानें पूर्ववत् होतात. कण चिकटविणारे घटक निराळे व काढणारे निराळे. कचेरींत एका कारकुनानें कागदावर शिक्का मारून तो कामास लावावा आणि दुसऱ्यानें काम झाल्यावर दप्तरदाखल करावा, तशी ही वांटणी आहे. मायक्रोसिस्टिन हें कण काढून घेणाऱ्या घटकास जाऊन चिकटतें व त्याचें काम कायमचें बंद पाडतें. चिकटविणारा मात्र आपलें काम करीतच राहतो. मग शिक्के मारलेल्या कागदांचा ढीग पडावा तसे प्रथिनांवर स्फुरदाचे कण सांचत जातात, आणि कोणतें काम केव्हां थांबवावयाचें याचा धरबंध राहत नाहीं.

याचा पहिला आघात पेशीच्या सांगाड्यावर होतो. प्रत्येक पेशीच्या आंत बारीक तंतूंचें जाळें असतें. मांडवास जशी बांबूंची चौकट, तसें हें जाळें पेशीस आकार देतें व शेजारच्या पेशीशीं जोडून ठेवतें. स्फुरदाचे कण जास्त झाले म्हणजे हे तंतु सुटून गोळा होतात. पेशी आपला आकार टाकून गोल होते आणि शेजारणीपासून सुटते. यकृतांत रक्त ज्या बारीक वाटांनीं खेळतें, त्यांच्या भिंती या पेशींच्याच आधारानें उभ्या असतात. आधार गेला म्हणजे भिंती ढासळतात व रक्त यकृतांतच सांचतें. प्रयोगशाळेंतील उंदरांस हें विष मोठ्या प्रमाणांत दिलें असतां कांहीं तासांतच यकृत रक्तानें भरून जवळजवळ दुप्पट जड झालेलें आढळतें. जनावराच्या अंगावर जखम दिसत नाहीं, रक्ताचा थेंब बाहेर पडत नाहीं. तरी तें रक्तस्रावानेंच मरतें, आणि तो रक्तस्राव पोटांत झालेला असतो.

विषाचें प्रमाण कमी असेल तर पेशी एकदम कोसळत नाहीं. अशा वेळीं पेशींत श्वसनाचें काम करणाऱ्या कणिका बिघडतात, त्यांतून दाहक द्रव्यें निघतात व तीं पेशीचें आवरण आणि अंतर्भाग जाळीत जातात. कांहीं पेशी स्वतःस संपवून घेतात. आणि वर सांगितलेला धरबंधच सुटल्यामुळें कांहीं पेशी नको तेव्हां दुणावूं लागण्याचीहि भीति असते. सन २०१० मध्यें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें या विषाच्या एका प्रमुख जातीस, माणसांत कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेल्या पदार्थांच्या वर्गांत घातलें आहे. जन्मभर पिण्याच्या पाण्यांत हें विष लिटरमागें एका मायक्रोग्रॅमहून अधिक नसावें, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविली आहे. हें प्रमाण म्हणजे दहा लक्ष लिटर पाण्यांत एक ग्रॅम.

घाणेरी खाल्लेल्या गुराशीं साम्य

मोठ्या मात्रेनें विष गेलेलें जनावर खाणें टाकतें, थरथरतें, त्याच्या डोळ्यांच्या आंतील कातडी पांढरी पडते, कधीं रक्ताची हगवण लागते, आणि तें आडवें होऊन कांहीं तासांत किंवा एक-दोन दिवसांत मरतें. जें वांचतें त्यास पुढें कावीळ होते, आणि उन्हांत उभें राहिल्यास त्याच्या पांढऱ्या कातडीवर भाजल्यासारखे फोड येऊन कातडें सुटतें. घाणेरी, म्हणजेच टणटणी, खाल्लेलें गुरूं ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही लक्षणें ओळखीचीं वाटतील. कारणहि एकच आहे. हिरव्या चाऱ्यांतील हरितद्रव्यापासून गुराच्या पोटांत एक द्रव्य तयार होतें. निरोगी यकृत तें पित्तावाटें बाहेर टाकतें. यकृत बिघडलें म्हणजे तें रक्तांत राहून कातडीपर्यंत येतें व ऊन लागतांच कातडी जाळतें. म्हणून अशा जनावरानें घाणेरी खाल्ली नसल्याची खात्री असेल, तर पाण्याकडे संशय वळवावा.

इतर विषें

सर्व विषारी जाती यकृतावरच घाला घालतात असें नाहीं. एका जातीचें विष पेशींतील प्रथिनें तयार करण्याचें कामच थांबवितें. घरांत चूल पेटणें बंद व्हावें तशी पेशीची स्थिति होते, आणि यकृताबरोबर मूत्रपिंडेंहि बिघडतात. दुसरें एक विष मज्जातंतु व स्नायु यांच्या सांध्यावर काम करितें. मज्जातंतूकडून स्नायूस जो आकुंचनाचा निरोप येतो, त्याचें तें सोंग घेतें. पण खरा निरोप पोंचल्यावर पुसला जातो, हा पुसला जात नाहीं. स्नायु आखडून थकतात व श्वास थांबतो. तिसरें विष मज्जातंतूंत सोडिअमचे कण ज्या वाटेनें शिरतात ती वाटच बुजवितें, मग निरोप निघतच नाहीं.

हें तिसरें विष समुद्रांतील व खाडींतील कांहीं सूक्ष्म वनस्पतींतहि असतें. शिंपल्यांतील जीव पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळें त्यांच्या अंगांत तें सांचतें. सन १९८३ मध्यें मंगळुरच्या दक्षिणेस कुंबळे येथें नदीमुखांतील शिंपल्या खाऊन लोकांस अशी बाधा झाली व एक मुलगा दगावला. शिंपल्या शिजवून हें विष जात नाहीं. सावित्रीच्या मुखाशीं, बाणकोटच्या खाडींत, असा प्रकार झाला आहे असें सुचविण्याचा हेतु नाहीं. परंतु तिसऱ्या व कालवें आपल्याकडे आवडीनें खाल्लीं जातात. म्हणून खाडीचें पाणी अकस्मात् तांबूस, तपकिरी किंवा गडद हिरवें दिसूं लागल्यास तें निवळेपर्यंत तीं खाऊं नयेत. खाल्ल्यावर ओंठ व बोटें बधिर होऊं लागल्यास वेळ न दवडतां दवाखाना गांठावा.

परदेशचे अनुभव

गुरांवरील या संकटाचा पहिला शास्त्रीय वृत्तांत सन १८७८ मध्यें ऑस्ट्रेलियांतून आला. तेथील अलेक्झांड्रिना सरोवरावर हिरव्या रंगासारखी जाड साय आली होती. तें पाणी प्यालेल्या मेंढ्या, घोडे, डुकरें व कुत्रीं मेलीं. जॉर्ज फ्रान्सिस या गृहस्थानें हें ‘नेचर’ पत्रांत कळविलें. सन १९७९ मध्यें ऑस्ट्रेलियाच्याच पाम बेटावर धरणांतील साय मारण्यासाठीं मोरचूद टाकण्यांत आला. साय मेली, पण तिच्या पेशी फुटून विष पाण्यांत मिसळलें, आणि तें पाणी प्यालेल्या १४८ जणांस यकृताचा व मूत्रपिंडांचा विकार झाला. त्यांत बहुतेक मुलें होतीं. सन १९९६ मध्यें ब्राझील देशांतील कारुआरू येथें ज्या रुग्णांचें रक्त यंत्रानें शुद्ध करण्यांत येई, त्यांच्यासाठीं वापरलेल्या पाण्यांत मायक्रोसिस्टिन होतें. तें सरळ रक्तांत गेल्यामुळें पन्नासांहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मेले. सन २०१४ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील टोलेडो शहरीं सुमारें चार लक्ष लोकांस नळाचें पाणी पिऊं नका व उकळूंहि नका, असें सांगावें लागलें.

या चार गोष्टींतून एकच धडा निघतो. साय आल्यावर तिच्याशीं झुंजणें कठीण व कधीं कधीं अधिक घातक असतें. उकळल्यानें पाणी आटून विष उलट दाट होतें. साध्या फडक्यानें गाळल्यास साय निघेल, पण पाण्यांत उतरलेलें विष निघणार नाहीं. मोरचूद टाकल्यास तळें दोन दिवसांत निवळ दिसेल, आणि नेमकें त्याच वेळीं तें सर्वांत अधिक विषारी असेल.

सर्वच शेवाळ वाईट नव्हे

हें वाचून भातशेतकऱ्यानें निळ्या-हिरव्या शेवाळाचें नांवच टाकूं नये. याच कुळांतील कांहीं जाती हवेंतील नत्र भातास मिळवून देतात. भातखाचरांतील हें कार्य पी. के. डे यांनीं सन १९३९ मध्यें दाखवून दिलें. आज लावणीनंतर आठवड्यानें एकरीं चार किलोच्या मानानें हें शेवाळ खाचरांत टाकण्याची शिफारस केली जाते. तें बियाणें खात्रीच्या ठिकाणचें घ्यावें. तळ्यावरील अनोळखी साय खत म्हणून खाचरांत टाकूं नये व ती वाळवून गुरांनाहि घालूं नये. वाळल्यानेंहि तिचें विष पुष्कळ दिवस टिकतें.

ओळखावें कसें व करावें काय

साय विषारी आहे किंवा नाहीं हें नुसत्या डोळ्यांनीं ठरत नाहीं. तें प्रयोगशाळेंतच ठरतें. परंतु संशय घेण्यापुरती ओळख घरच्या घरीं होते. काठी पाण्यांत बुडवून काढावी. केंसांसारखे लांब हिरवे तंतु तिला लोंबले, तर तें बहुधा साधें शेवाळ. काठीस रंग फांसल्यासारखा लेप बसला, तर संशय घ्यावा. हातास फडकें किंवा पिशवी बांधून कांचेच्या बरणींत पाऊणपर्यंत तें पाणी भरावें व रात्रभर न हलवितां ठेवावें. सकाळीं हिरवा थर तळाशीं बसला तर भीति कमी. वर तरंगत राहिला तर तें पाणी वर्ज्य समजावें. त्यानंतर पुढीलप्रमाणें वागावें.

१. अशा पाण्यावर गुरें, शेळ्या व कुत्रीं जाऊं देऊं नयेत. मुलांस पोहूं देऊं नये. कांठास कांटेरी झांप लावावें.

२. दुसरी सोय नसेल तर कांठापासून दूर, वाळूंत झरा खणून पाणी घ्यावें. वाळूंतून मुरतांना साय गाळली जाते व मातींतील जंतु विषाचाहि बराच अंश मोडतात. हें पाणी पूर्ण निर्धोक नव्हे, पण उघड्या डोहापेक्षां पुष्कळ बरें. विहीर किंवा विंधनविहीर याहून उत्तम.

३. सायीवर मोरचूद, चुना किंवा तणनाशक टाकूं नये. साय आपोआप नाहींशी झाली, तरी पुढील दोन-तीन आठवडे तें पाणी वापरूं नये.

४. जनावरास बाधा झाल्याचा संशय येतांच त्यास त्या पाण्यापासून हलवावें, सावलींत बांधावें व पशुवैद्यास बोलवावें. या विषावर नेमका उतारा नाहीं. पोटांतील विष शोषून घेण्यासाठीं औषधी कोळसा देतात, पण तो पशुवैद्याच्या हातूनच द्यावा. जनावर मेल्यास त्या कांठचें पाणी स्वच्छ बाटलींत भरून, अंधारांत व गार ठेवून, त्याजबरोबर पाठवावें.

५. उकिरडा व गोठ्याचा पाट तळ्याकडे नसावा. तळ्याच्या वरच्या अंगास गवताचा पट्टा राखावा, तो वाहून येणारें खत अडवितो. युरिया एकदम न टाकतां हप्त्याहप्त्यानें व पाऊस उघडल्यावर टाकावा. धुणें तळ्यांत न धुतां कांठापासून दूर धुवावें.

पांचव्या कलमास खर्च फारसा नाहीं, पण तें एकट्या घरानें पाळून भागत नाहीं. तळें साऱ्या गांवाचें असतें. एकाच्या उकिरड्याचें पाणी दुसऱ्याच्या बैलाच्या पोटांत जातें. म्हणून ज्या गांवीं संघाचे सभासद आहेत, तेथें त्यांनीं येत्या फाल्गुनापासून आपापल्या पाणवठ्याचा रंग आठवड्यांतून एकदां पाहून तारीखवार टिपून ठेवावा, आणि जनावर दगावल्याचा पंचनामा होईल तेव्हां तें टिपण पुढें करावें. मृत्यूचें कारण ‘अज्ञात’ लिहिण्यापूर्वीं पाणी तपासलें गेलें, तर पुढच्या उन्हाळ्यांत दुसऱ्या कोणाची तरी जोडी वांचेल.